पकडीचा भाव

२०१८ च्या प्रो कबड्डी लिलावात सहा खेळाडूंची बोली एक कोटी किंवा त्याहून वर गेली. मोनू गोयत १ कोटी ५१ लाख, राहुल चौधरी १ कोटी २९ लाख, दीपक हुडा आणि नितीन तोमर प्रत्येकी १ कोटी १५ लाख, मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाख. हे पाचही जण चढाईसाठी ओळखले जाणारे. सहावा फझल अत्राचली, डावा कोपरा सांभाळणारा इराणी. त्याच्यासाठी यू मुम्बा संघानं एक कोटी मोजले. केवळ पकडी करणाऱ्या भारतीय खेळाडूला कोटीचा आकडा ओलांडायला त्यानंतर सहा वर्षं लागली: ऑगस्ट २०२४ मध्ये सुनील कुमारला यू मुम्बानंच १ कोटी १ लाख ५० हजारांना घेतलं. ज्या खेळात सात जण मैदानात उभे राहून एकाला अडवतात, त्या खेळात अडवणाऱ्याचा भाव इतक्या उशिरा का ठरला? ‘प्रेक्षकांना चढाई आवडते’ हे उत्तर खोटं नाही, पण त्यानं सगळा उलगडा होत नाही. चढाईपटूची कारकीर्द त्याच्या एकट्याची असते. बचावपटूची कारकीर्द जोडीत पिकते, आणि उशिरा पिकते. आपण मात्र त्याला एकटा मोजतो, एकटा विकतो आणि पिकायच्या आत सोडून देतो.

हा प्रश्न नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या बाजूनं पाहावासा वाटतो, त्याला कारण आहे. या जिल्ह्याला कबड्डी नवी नाही. मार्च २०२४ मध्ये पुरुषांची सत्तरावी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली. त्याच महिन्याच्या एक तारखेला हैदराबादमध्ये पुणेरी पलटणनं पहिल्यांदा प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा कर्णधार होता याच जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतानं इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण परत मिळवलं, त्या संघातही अस्लम होता आणि त्याच्या जोडीला नाशिकचा आकाश शिंदे. दोघं महाराष्ट्राचे, आणि दोघांचीही ओळख चढाईची. अस्लम पकडीतही चांगला आहे, पण त्याला संघात घेतलं ते चढाईसाठी. त्या संघाचे कोपरे आणि मध्य सांभाळायला मुख्यतः हरियाणाचे खेळाडू होते. सिद्धार्थ देसाई, रिशांक, पंकज मोहिते, आकाश, अस्लम अशी महाराष्ट्रातल्या चढाईपटूंची नावं पटापट तोंडावर येतात. बचावपटूंची नावं घ्यायला गेलं तर गिरीश एरनाक, विशाल माने, संकेत सावंत, शुभम शिंदे यांच्यानंतर थोडं थांबावं लागतं. सुप्यासारख्या गावात खांद्यानं-मांडीनं भक्कम, अंगावर जायला न कचरणारी पोरं कमी नाहीत. त्यांचं पुढे काय होतं, हा खरा विषय आहे.

आधी खेळाचा हिशेब पाहू. चढाईपटू एका श्वासात तिघांना शिवून आला तर त्याच्या नावावर तीन गुण लागतात. बोनस रेषा ओलांडून बोनस घेतला तर आणखी एक. पकड मात्र सातांनी मिळून केली तरी तिचा गुण एकच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू असताना पकड झाली, म्हणजे सुपर टॅकल झाला, तरच दुसरा गुण मिळतो. आणि हा गुण नोंदवहीत एकाच खेळाडूच्या नावावर चढतो. उजव्या कोपऱ्यानं घोटा धरला, मधल्यानं कमरेला मिठी मारली आणि डाव्या बाजूच्या साखळीनं मध्यरेषेची वाट बंद केली, तरी नाव एकाचंच. पकडीचा सगळ्यात मोठा फायदा तर कुठंच लिहिला जात नाही. पकडलेला चढाईपटू बाकावर बसतो, आणि तो प्रतिस्पर्ध्यांचा हुकमी खेळाडू असेल तर पुढची काही मिनिटं समोरचा संघ अर्ध्या ताकदीनं खेळतो. त्या मिनिटांत न गेलेले गुण कोणाच्या खात्यात टाकायचे? एका हंगामात प्रदीप नरवालनं चढाईचे ३६९ गुण मिळवले होते. एका हंगामात पकडीचे शंभर गुण गाठणारा पहिला खेळाडू नितेश कुमार, आणि त्या शंभराची केवढी चर्चा झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बचावपटूचं मोल चौथ्या हिश्शाचं ठरवणं सोपं आहे आणि चुकीचं आहे.

हीच गफलत बर्फावरच्या हॉकीतही झालेली दिसते. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये सर्वोत्तम बचावपटूला नॉरिस करंडक देतात. २०२२-२३ मध्ये तो सॅन होजेच्या एरिक कार्लसनला मिळाला. त्या हंगामात त्याचे १०१ गुण होते, पण ते गोल केल्याचे आणि गोलला मदत केल्याचे. त्याचं प्लस-मायनस मात्र उणे २६ होतं. म्हणजे जास्त खेळाडूंच्या फायद्यावर झालेले गोल सोडले तर, तो बर्फावर असेल तेव्हा त्याच्या संघानं केले त्यापेक्षा २६ गोल जास्त खाल्ले. बचावाचं बक्षीस आक्रमणाच्या आकड्यांवर गेलं, कारण आक्रमणाचे आकडे सहज दिसतात. त्या खेळातला अंगावर जाणारा बचावपटू म्हटलं की स्कॉट स्टीव्हन्सचं नाव निघतं. १९८२ ते २००४ या काळात तो १६३५ सामने खेळला. पहिली काही वर्षं तो वॉशिंग्टनकडे होता, मग वर्षभर सेंट लुईसकडे आणि १९९१ पासून शेवटपर्यंत न्यू जर्सीकडे. स्टॅन्ली करंडक तीनदा जिंकला तो याच संघाबरोबर, १९९५, २००० आणि २००३ मध्ये. मे २००० मध्ये त्यानं प्रतिस्पर्धी संघातल्या एरिक लिंड्रोसला दिलेली खांद्याची धडक आजही दाखवली जाते. पण एका धडकेवर कोणी बावीस हंगाम टिकत नाही. तेरा वर्षं एका संघाच्या बचावात घट्ट बसल्यामुळे कधी पुढं झेपावायचं आणि कधी जागा धरायची हे त्याला कळत होतं. त्याची स्वतःची कारकीर्दही डोक्याला बसलेल्या माराच्या परिणामांनीच थांबली. त्याच लीगचा दुसरा बचावपटू स्टीव्ह मोंटाडोर ३५ व्या वर्षी वारला, आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा आजार आढळला. अंगानं खेळणाऱ्याची किंमत अंगच मोजतं.

कबड्डीत परत येऊ. बचावाची कला जोडीची आहे, याचा सर्वांत ठळक दाखला हरियाणातल्या सोनिपत जिल्ह्यातल्या भैंसवाल गावातून मिळतो. सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल हे दोघंही तिथले. दोघं मध्यरक्षक, एक उजवा आणि एक डावा. २०१७ मध्ये गुजरातचा संघ लीगमध्ये नवा होता. पहिल्याच हंगामात तो अंतिम सामन्यात पोचला आणि पुढच्या हंगामातही पोचला. त्या दोन हंगामांत गुजरातच्या बचावाचा मध्य म्हणजे ही जोडी. हांगझोच्या संघातही दोघं होते, आणि २०२४ मध्ये यू मुम्बानं दोघांनाही घेतलं. त्याआधीची जोडी मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा यांची. यू मुम्बा पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत होती आणि २०१५ मध्ये विजेती ठरली, त्या काळात दोन कोपरे या दोघांकडे असत. २०१६ च्या लिलावात मोहित ५३ लाखांना गेला, त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली. खरेदी करणाऱ्या बेंगळुरूनं नाडालाही घेतलं, पुढे हरियाणानंही दोघांना एकत्र उचललं. जे संघमालक आकड्यांवर बोली लावतात, त्यांनाही जोडी फोडायची नाही हे आतून ठाऊक होतं.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सामने चढाईपटूच जिंकून देतात. २०१७ च्या अंतिम सामन्यात त्याच गुजरातच्या नावाजलेल्या बचावासमोर प्रदीप नरवालनं एकोणीस गुण घेतले आणि पाटणा ५५-३८ नं जिंकलं. पुढच्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पवन सेहरावतनं बावीस गुण घेऊन त्याच गुजरातला ३८-३३ असं हरवलं. मग बचावाचं एवढं कौतुक कशाला? कारण पुढं काय झालं ते पाहायला हवं. अंतिम सामन्यातले दोन्ही संघांचे गुण मिळवले तर २०१७ मध्ये ते ९३ होते. पुढचे तीन हंगाम ७१, ७३ आणि ७३. २०२२ च्या डिसेंबरात जयपूरनं पुण्याला ३३-२९ नं हरवलं, तेव्हा ६२. पुण्यानं हरियाणाला २८-२५ नं हरवलं, तेव्हा ५३. डिसेंबर २०२४ मध्ये बालेवाडीत हरियाणानं पाटण्याला ३२-२३ नं हरवलं, तेव्हा ५५. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीनं पुण्याला ३१-२८ नं हरवलं, तेव्हा ५९. अंतिम सामना दर हंगामात एकच होतो, त्यावरून फार मोठा नियम काढू नये हे मान्य. सलग तिसऱ्या रिकाम्या चढाईनंतर चढाईपटू बाद धरायचा हा ‘करो या मरो’चा नियम गुण रोखतो, असंही कोणी म्हणेल. पण तो नियम लीगच्या सुरुवातीच्या काळापासून आहे, आणि आकडे घसरले ते नंतर. करंडक अलीकडे चढाईच्या वादळावर कमी आणि बचावाच्या भिंतीवर जास्त ठरतो आहे, असं म्हणायला जागा नक्कीच आहे.

दुसरा आक्षेप याहून चतुर आहे. इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला पुण्यानं २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्यानं हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले आणि पुणे जिंकलं. पुढच्या वर्षी हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि हरियाणाही जिंकलं. एकटा बचावपटू संघ बदलून लागोपाठ दोन करंडक आणतो, मग जोडीचं आणि सातत्याचं काय घेऊन बसलात? पण तो ज्या घरात गेला ते घर आधीच बांधलेलं होतं. पुण्याकडे अबिनेश नादराजन, गौरव खत्री आणि संकेत सावंत होते. यातली बरीच पोरं पलटणच्या युवा संघातून वाढलेली आणि वर्षानुवर्षं टिकवून ठेवलेली. हरियाणाकडे जयदीप दहिया आणि मोहित नांदल ही मध्यरक्षकांची जोडी काही हंगाम एकत्र मुरली होती. तयार साखळीला शेवटची कडी मिळाली. २०२५ मध्ये गुजरातनं त्याच शादलुईसाठी २ कोटी २३ लाख मोजले, पण अंतिम सामना खेळले दिल्ली आणि पुणे. म्हणजे त्याच्याविना दुसरा हंगाम खेळणारं पुणे पुन्हा अंतिम फेरीत होतं. शिवाय शादलुई चढाईही करतो, त्याची बोली निव्वळ पकडीची नाही, हेही विसरायला नको.

उशिरा पिकण्याचा मुद्दा वयाच्या हिशेबानं पाहावा. प्रदीप नरवाल, चढाईच्या १८०० गुणांचा धनी, २०२५ च्या लिलावात कोणीच घेतला नाही आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षी ३३ वर्षांचा फझल अत्राचली दिल्लीच्या विजेत्या संघात कोपरा सांभाळत होता. धर्मराज चेरलाथन २०१६ मध्ये पाटण्याचा विजेता कर्णधार झाला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता, आणि त्यानंतरही काही हंगाम खेळला. हे योगायोग नव्हेत. चढाईला पायातला झटका लागतो, आणि तो सगळ्यात आधी जातो. पकडीला लागतो अंदाज. समोरच्याचा कुठला पाय आधी वळतो, श्वास कधी सुटत आला, कोपऱ्यानं हात टाकला तर शेजारचा किती पावलांवर आहे. अंगावर जाणाऱ्या पोराला पहिली दोन-तीन वर्षं घाईनं केलेल्या पकडीच भोवतात. चढाईपटू हातात येण्याआधीच तो झेप घेतो, समोरचा एका अंगानं निसटतो, गुण जातो आणि हा बाकावर जातो. शक्ती तीच राहते, फक्त ती केव्हा वापरायची नाही हे कळायला वेळ लागतो. तो वेळ त्याला कोणी देतं का?

कुस्तीत देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरमध्येच महाराष्ट्र केसरी झाली. आपल्याकडे पैलवानाला गाव खुराक देतं, तालीम देते, वस्ताद वाट पाहतो. पण पैलवान एकटा लढतो, म्हणून एकट्याला पोसून भागतं. कबड्डीच्या कोपऱ्याला रोज सोबत खेळणारा मधला हवा, आणि तोही दरवर्षी तोच. जत्रेतल्या आणि मंडळांच्या स्पर्धांत हे जमत नाही. तिथं बक्षिसाच्या रकमेसाठी बाहेरचे खेळाडू घेऊन संघ जुळवले जातात. चढाईपटू अशा उसन्या संघातही चमकतो, कारण त्याला एकट्यालाच आत जायचं असतं. बचावपटू मात्र तिथं उघडा पडतो. त्याच्याकडे पाहायला आलेला निवडकर्ता त्याच्या पाच फसलेल्या पकडी पाहून परत जातो. महाराष्ट्रात चढाईपटू जास्त निपजतात याला मातीचा, आहाराचा किंवा स्वभावाचा गुण लावण्याआधी आपल्या स्पर्धांचा हा बांधा तपासावा.

एके काळी ही सोय कारखान्यांनी आणि खात्यांनी केली होती. मुंबईत महिंद्रा, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, पोलीस, बँका यांचे संघ होते, काहींचे आजही आहेत. खेळाडू दिवसा नोकरी करायचा, संध्याकाळी सराव, आणि संघ वर्षानुवर्षं तोच राहायचा. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वे आणि सेनादल वारंवार वरचढ ठरतात, ते का? दोघांकडे देशभरातले खेळाडू येतात हे एक कारण, आणि एकदा आले की ते एकत्र राहतात हे तितकंच मोठं दुसरं. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या विजयात रिशांकच्या चढायांबरोबर गिरीश एरनाक आणि विशाल माने यांच्यासारख्या, मुंबई-ठाण्याच्या स्थानिक कबड्डीत मुरलेल्या बचावपटूंचा वाटा होता. त्याच वर्षी गिरीश आशियाई स्पर्धेला गेला. तिथं उपांत्य फेरीत भारत इराणकडून १८-२७ असा हरला. भारताला जेमतेम अठरा गुण करू देणाऱ्या त्या इराणी साखळीचा तोल काही एका हंगामात आलेला नव्हता.

तिसरा आक्षेप कंपनी-संघाच्या विरोधातला: ही जुनी गोष्ट झाली, आता लीग आहे, पैसा आहे, नोकरी कशाला? लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत अलीकडच्या हंगामांत नऊ लाख आहे. गावाकडच्या पोराला ती मोठीच रक्कम. पण लीग दोन-तीन महिने चालते, उरलेलं वर्ष रिकामं. पुढच्या वर्षी बोली लागेलच याची हमी नाही, आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटला किंवा खांदा निखळला तर त्याच नऊ लाखांवर घर चालवायचं. नोकरीचं बळ असेल तर बचावपटू दोन हंगाम वाट पाहू शकतो. नसेल तर तो पंचविशीत खेळ सोडतो, नेमका तेव्हा, जेव्हा त्याची पकड पिकू लागलेली असते. म्हणजे लीग आणि कंपनी-संघ एकमेकांचे शत्रू नाहीत. लीगला लागणारा पिकलेला बचावपटू नोकरीच तयार करू शकते.

म्हणून सुपा. नगर-पुणे रस्त्यावरच्या या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा आखला गेला, वातानुकूलन यंत्रांचे कारखाने आले. अवर्षणप्रवण पारनेर तालुक्यातली जी पोरं पूर्वी नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जायची, त्यांच्यासाठी काम दाराशी आलं. मुंबईत गिरणगाव आणि कारखान्यांमुळे जे घडलं त्याची भौतिक तयारी इथं आज आहे: एका जागी हजारोंनी तरुण हात, ठरलेल्या पाळ्या, आसपासच्या गावांत खेळाचा वारसा. फक्त एक फरक आहे, आणि हा सगळ्यात कठीण आक्षेप. आजचा कारखाना कायम कामगारांवर चालत नाही. कंत्राटी पोरगा काही महिन्यांनी बदलतो, त्याचा ठेकेदार बदलतो. कबड्डीची साखळी धरणार कोण? व्यवस्थापनाला पकडीतली दुखापत म्हणजे पाळीवरची गैरहजेरी दिसते, आणि तो हिशेब त्यांच्या बाजूनं खोटाही नाही. पण एका कबड्डी संघाला कायम जागा लागतात त्या बारा. हजारोंच्या हजेरीपटावर बारा कायम नावं, आठवड्यातून चार संध्याकाळी सराव, पाळ्यांची थोडी अदलाबदल आणि दुखापतीचा विमा. हा खर्च वसाहतीतल्या एका कंपनीला जड वाटत असेल तर चार कंपन्यांनी मिळून एक संघ ठेवायला कोणता नियम आडवा येतो? महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या कबड्डी स्पर्धा घेतंच, तेव्हा खेळायला मैदान शोधावं लागणार नाही. बारांपैकी निदान सहा जण बचावाचे असावेत, आणि ते सहा तीन वर्षं हलवू नयेत, एवढी अट संघ बांधणाऱ्यांनी पहिल्या दिवशी लिहून घ्यावी. चढाईपटू काय, तो कुठूनही येईल.